उजव्या वेणीचं माप

गेल्या हिवाळ्यात माझी वेणी सात इंच वाढली. केस मात्र पाव इंचच वाढले.

इशा, निहार, तलासरीला काय झालं ते तुमच्या आईने तुम्हाला सांगितलंच असेल. पण तिचं सांगणं अर्धवट आहे आणि तिला अजून तिच्या तेलाचा राग आहे. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते. क्रमाची मला आवड आहे. (आपल्या फडताळातले डबे अकारविल्हे आहेत. पहिली अळशी, शेवटचा हिंग. आजोबांना साखर सापडत नाही, पण तो साखरेचा दोष नाही.)

आधी माझ्या केसांचा पूर्वेतिहास. लहानपणी दर शनिवारी संध्याकाळी माझी आई मला पायरीवर पुढ्यात घेऊन बसायची. वाटीतलं कोमट तेल तळव्यावर ओतायची आणि टाळूवर असं थापायची की माझे डोळे आपोआप मिटायचे. समोर चिकूची झाडं, त्यांच्या पलीकडे समुद्राचा आवाज आणि डोक्यात आईची बोटं. मी अर्धी झोपेत असायचे. वेणी घालून झाली की वाटायचं, आपण कुठून तरी लांबून परत आलो. त्या बोटांनी माझी वेणी गुडघ्यापर्यंत नेली. पुढे मी डहाणूहून रोज एस.टी.ने तलासरीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जाऊ लागले. फळ्यावर लिहिताना वेणी पाठीवर इकडून तिकडे झुलायची आणि तिच्याबरोबर वर्गातल्या सगळ्या मुलींच्या माना झुलायच्या. निदान माझी तशी समजूत होती. फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाईला पाठीमागचं काय दिसतं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

मागच्या वर्षी मला तो लांबलेला ताप आला आणि केस कंगव्यात येऊ लागले. ताप गेला, जाताना केसही घेऊन गेला. उरली ती वेणी मी गुंडाळून एका पिनेखाली ठेवली. (पूर्वी अकरा पिना लागत.) आणि विषय बंद केला.

सप्टेंबरात सुरेखाचा फोन आला. सुरेखा म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी, मागच्या बाकावरची. आता तलासरीत तिचं स्वतःचं ब्युटी पार्लर आहे.

"बाई, जानेवारीत आपल्या बॅचचा मेळावा करतोय. तुमचा सत्कार आहे. नाही म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार नाही."

"आणि बाई, तुमची ती वेणी. मी तिच्यावर घालायला खास फुलांची वेणी करून घेणारय. मुळापासून टोकापर्यंत, मापाची. वेणी तशीच आहे ना अजून?"

इथे मी जे उत्तर दिलं त्यातून पुढचं सगळं झालं. तीस वर्षं मुलींना खरं बोलायला शिकवलेली मी, एक क्षणही न थांबता म्हणाले, "तशीच आहे."

फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिने मोजले. चार होते. मला त्या मुलींसमोर पिनेखालची वेणी घेऊन जायचं नव्हतं. त्यांनी मला ओळखलंच नाही तर? स्टेजवर बसलेली ही कोण बाई, असं एकीने दुसरीला विचारलं तर? हसू नका. सत्तरीनंतर माणसाला अशाच गोष्टींची भीती वाटते.

आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "अगं, गंगावन लाव की. बाजारात मिळतं."

"गंगावन म्हणजे कॉपी," मी म्हणाले. "मी कॉपी करणार नाही."

"आणि आत्ता फोनवर जे सांगितलंस ते?"

"तो गृहपाठ आहे. जानेवारीपर्यंत पूर्ण करायचा."

गृहपाठाला साहित्य दोन दिशांनी आलं. पहिलं तुमच्या आईकडून, म्हणजे माझ्या मेधाकडून, पार्सलने. केवढासा खोका, त्यात कागदाच्या सुरळ्या आणि त्यांच्या आत गडद रंगाची इवलीशी बाटली, ड्रॉपरसकट. तिच्यावर एका बाईचा फोटो, केस पार बाटलीच्या मागच्या बाजूला जाऊन पुन्हा पुढे आलेले. मेधा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, रोज फक्त सहा थेंब. आणि बाकी काही घरगुती उद्योग करू नकोस."

घरगुती उद्योग हे शब्द तिने वापरायला नको होते.

दुसरं साहित्य जानकीकडून आलं. जानकी जवळच्या कैनाड गावाहून आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन येते. माझ्याच वयाची आहे आणि तिचा अंबोडा अजून नारळाएवढा आहे. काळाभोर. मी तिच्याकडून मोहाच्या बियांचं तेल मागवलं. घरी गाळलेलं, पिवळसर, दाट.

"बाय, यो तेल आमी दिव्यात घालतो," ती म्हणाली. "नायतर गुडघ्याला चोळतो."

"आणि केसांना काय लावता?"

"केसांना काय लावायचं? ते आपले आपण वाढतात."

मी वहीत लिहिलं, 'गुपित सांगत नाही.'

मग मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडली आणि लोखंडी कढई चढवली. खोबरेल, जानकीचं मोहाचं तेल, जास्वंदीची फुलं, पाटाच्या कडेचा माका, कढीपत्ता, मेथी, आवळा. सगळं मोजून, ओळीने ताटात मांडून, घड्याळ समोर ठेवून. पाऊणतास मंद आच, सतत ढवळणे, असं मी स्वतःच लिहिलेल्या कृतीत होतं. दहा मिनिटं मी ढवळलंही. मग त्या फुलांचा वास वर आला. तेल तापताना जास्वंदीला एक ओला, हिरवा, जरासा गोड वास सुटतो, तसाच वास आईच्या पदराला यायचा. दुपारचं ऊन चिकूच्या पानांतून गळत होतं. समुद्र ऐकू येत होता. मी नुसतेच एकदा डोळे मिटले आणि पायरीवर जाऊन बसले. म्हणजे अंगणातच होते, पण ती पायरी तेव्हाची होती. मागे आई होती. पुढे माझी वेणी होती, आणि ती पायऱ्यांवरून उतरून, वाडीतून, बोरांच्या झाडाला वळसा घालून समुद्राकडे निघाली होती.

"अगं, कोणाला जाळतेयस?" आजोबा मागच्या दारात नाकाला रुमाल लावून उभे होते.

पहिला घाणा डांबरासारखा झाला. कढई दोन दिवस घासत होते. शेजारच्या कोकिलाबेननी कुंपणावरून विचारलं, "सरलाबेन, गटर काम चालू छे?" दुसऱ्या घाण्याला मी आजोबांना खुर्ची देऊन समोर बसवलं. माझे डोळे मिटले की त्यांनी चमचा वाजवायचा. त्यांनी सात वेळा वाजवला आणि तेल उत्तम उतरलं.

आता दोन तेलं झाली, विकतचं आणि घरचं. दोन्ही एकत्र लावली तर कोणत्या तेलाने काय केलं ते कळणार कसं? म्हणून मी डोक्याचा मधोमध भांग पाडला. डावीकडे मेधाचे सहा थेंब, उजवीकडे माझं. दोन वेण्या. सरमिसळ होऊ नये म्हणून डाव्या वेणीला लाल रिबीन, उजवीला पांढरी, दोन्ही घट्ट. पाठ सरळ ठेवून मी व्हरांड्यात बसले की कशी दिसत असेन, याचा विचार मी केला नव्हता. तो कुरिअरवाल्याने केला. फाटकातून त्याने हाक मारली, "बेबी, घरात मोठं कोण आहे?"

मी वळले. तो बिचारा पार्सल पायरीवर ठेवून, सही न घेताच गेला.

मोजमाप दर रविवारी सकाळी आठ वाजता. माझा खांदा आखडलेला, मागे हात जात नाही, म्हणून टेप आजोबांकडे. यात मला शंकेला जागाच नव्हती. तुमच्या आजोबांची सगळी नोकरी रेल्वेत रुळांच्या तपासणीवर गेली. दोन रुळांमधलं अंतर केसभर जरी कमीजास्त झालं तरी ते गाडी थांबवायचे. एकदा साहेबांनी 'जाऊ दे, एवढं चालतं' म्हटलं, तर हे रुळावर बसून राहिले. चुकीचं माप त्यांनी आयुष्यात कागदावर लिहिलं नव्हतं.

पहिल्या रविवारी दोन्ही वेण्या कानामागून टोकापर्यंत अकरा इंच. मी रजिस्टर आखलं. तारीख, डावी, उजवी, हवामान, शेरा.

दुसऱ्या रविवारी आजोबांनी टेप तीनदा लावली. मग म्हणाले, "पावणे अकरा."

"कोणती?"

"दोन्ही."

मी लिहून घेतलं. त्या सकाळी आणखी काही विशेष झाल्याचं माझ्या रजिस्टरमध्ये नाही.

तिसऱ्या रविवारी उजवी सव्वाअकरा भरली. चौथ्या रविवारी पावणेबारा. दिवाळीनंतर उजवी साडेतेरा आणि डावी बारा. इशा, निहार, तुम्हाला ते दिवस सांगता येणार नाहीत. रविवार सकाळ, व्हरांड्यात तिरपं ऊन, डोक्याला कोमट तेलाचा वास, आणि मागे आजोबांचा संथ श्वास. टेपचं थंड टोक डोक्याला लागायचं आणि मी डोळे मिटायचे. आकडा ऐकू यायचा तो जणू खूप लांबून, एखाद्या स्टेशनाचं नाव ऐकू यावं तसा. चौदा. पावणेपंधरा. टेपचं टोक दर आठवड्याला जरा वर टेकतंय, असं मला एकदोनदा वाटलंही. मी समजले, केस मुळातून वाढताना असंच जाणवत असणार.

आरसा होता का घरात? होता. त्यात वेणी मला लांबच दिसायची. रजिस्टरमध्ये आकडा होता ना! आणि एखाद्या दिवशी ती जुनीच दिसली, तर मी चष्मा पुसायचे.

घरगुती तेल जिंकतंय हे मी मेधाला कळवलं. मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही.

"आई, हे शक्यच नाही. महिन्याला दीड इंच? टेप नीट धरलीय का बाबांनी?"

"तू तुझ्या बाबांच्या टेपवर शंका घेतेस?"

आजोबा तेव्हा एकदम उठून झाडांना पाणी घालायला गेले. पाणी सकाळीच घालून झालं होतं.

बातमी कुंपणापलीकडे गेली. कोकिलाबेन रिकामी बाटली घेऊन आल्या. "सरलाबेन, मने पण द्या ने. आमच्या शेठला तुमच्यासारखे चार इंच नको. चार केस आले तरी बस." मी तेलाच्या पाच बाटल्या भरल्या, लेबलं लावली, वापरायची पद्धत सात मुद्द्यांत लिहून दिली. शेठ महिनाभर उन्हात डोकं चमकवत फिरले. केस आले नाहीत, पण गच्चीवर बसले की कावळे त्यांच्याकडे फार आदराने बघत.

डिसेंबरच्या शेवटी सुरेखाचा पुन्हा फोन. "बाई, फुलवाला माप मागतोय."

उजवी तेव्हा अठरा होती, डावी चौदा. मी उजव्या वेणीचाच आकडा धरला. दुसरी कोणतीही बाई अठराच सांगती. पण मेळाव्याला तीन आठवडे होते, आणि माझ्याकडे तीन महिन्यांचा आलेख होता. मी पट्टी घेतली, रेघ पुढे वाढवली आणि सांगितलं, "त्या दिवशी वीस असेल."

"वीस लिहिते. बांधायला दोन्हीकडून चार-चार इंच जास्त ठेवायला सांगते."

आजोबा समोर चहा पीत होते. त्यांना जोराचा ठसका लागला.

त्या रात्रीपासून त्यांनी तीनदा विषय काढला. "अगं, एवढं लांब सांगायची काय गरज होती?" "अगं, थंडीत केस आखडतात म्हणे." "अगं, गंगावन जवळ असलेलं बरं, वाटेत लागलं तर." वाटेत गंगावन कशाला लागेल, असं मी विचारलं.

मेळाव्याचा दिवस. पहाटेच मी दोन्ही वेण्यांना चमक यावी म्हणून तेलाचा शेवटचा भरघोस हात फिरवला आणि आम्ही रिक्षात बसलो. आशागड, मग चारोटी, मग हायवेने तलासरी. जानेवारीतली गार हवा दोन्ही बाजूंनी आत येत होती. डोंगरांवर धुकं होतं, मोहाची झाडं त्यात अर्धी बुडालेली. त्यांच्याच बियांचं तेल माझ्या डोक्यात आहे, या विचाराने मला त्यांच्याबद्दल घरोबा वाटू लागला. चारोटीला चहाला उतरलो तेव्हा मान वळवली आणि काहीतरी टकटक वाजलं.

खोबरेल थंडीत थिजतं हे मला ठाऊक होतं. मोहाचं तेल त्याच्याही आधी थिजतं, हे आता ठाऊक झालं. उजवी वेणी मेणबत्तीसारखी ताठ झाली होती आणि मी वळेन तशी रिक्षाच्या दांडीवर आपटत होती. चहावाल्याने आजोबांना हळूच विचारलं, "काका, त्यांना मानेचा त्रास आहे का?"

"मानेचा नाही," आजोबा म्हणाले. "मापाचा."

मी ते ऐकलं, पण समजले नाही.

सुरेखाच्या पार्लरमध्ये समोर आरसा आणि मागेही आरसा. तिने माझ्या पायांना हात लावला, खुर्चीत बसवलं आणि केळीच्या पानात गुंडाळलेली फुलांची वेणी उघडली. अबोली आणि पांढरी शेवंती, मध्ये मरव्याच्या काड्या. एवढी सुंदर आणि एवढी लांब, की तिचं शेपूट टेबलावरून खाली लोंबत होतं. मग सुरेखाने माझ्या दोन्ही वेण्या ड्रायरच्या गरम वाऱ्याने विरघळवल्या, केस विंचरले, एक वेणी घातली. आणि थांबली.

"बाई, बाकीची कुठाय?"

"बाकीची काय?"

"वेणी. बॅगेत आणलीय का?"

"सुरेखा, ही पूर्ण वेणी आहे. माप घे."

तिने टेप मानेशी धरली. "सव्वाअकरा."

"चूक आहे. पुन्हा घे."

"बाई, सव्वाअकराच. टोकं तुटलीयत सगळी. रोज कोणी एवढं घट्ट बांधतं का?"

"तुला मोजता येत नाही," मी म्हणाले. (मी तिला हे सातवीतही म्हणाले होते.) "अहो, जरा आत या. तुम्ही दाखवा हिला."

आजोबा बाहेर बाकावर बसले होते. ते आत आले. सुरेखाने त्यांच्या हातात टेप दिली. आता बघा, चार महिने मी खुर्चीत बसले ती चिकूच्या झाडांकडे तोंड करून. माझी पाठ मी कधी पाहिली नव्हती. इथे समोरच्या आरशात मागचा आरसा होता, आणि मागच्या आरशात मी. आजोबांनी टेप घेतली आणि सवयीने, अगदी अलगद, तिचं टोक टेकवलं ते माझ्या टाळूवर. थेट माथ्यावर, जिथे आई तेल थापायची तिथे. तिथून टेप डोक्याच्या गोलाईवरून खाली आली, मानेवरून पुढे गेली आणि वेणीच्या टोकाशी थांबली.

"अठरा," ते म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं, आणि आरशात आमची नजरानजर झाली.

ड्रायर तेवढा चालू होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तिसऱ्या रविवारपासून. पहिल्यांदा जरासंच वर धरली होती, कानाच्या वरच्या टोकाला. मग थांबता येईना."

"पण का?"

"दुसऱ्या रविवारी पावणे अकरा म्हटलं, तेव्हा तू चहा तसाच ठेवलास. गार झाला. दुपारी तूच तो ओतून टाकलास. सबंध दिवस बोलली नाहीस." ते टेप गुंडाळत म्हणाले, "रूळ रुसत नाहीत गं."

"आणि उजवी जास्त का? मेधाचं तेल हरवलंत तुम्ही."

"मेधा कॅनडात असते. मला चहा तू देतेस."

सुरेखा तोंडावर रुमाल धरून मागच्या खोलीत गेली. हसायला गेली की रडायला, ते मी विचारलं नाही. परत आली ती हातात गंगावन घेऊन. काळंभोर, जाड, माझ्या पांढऱ्या केसांना विजोड. "बाई, कोणाला कळणार नाही."

मी त्या गंगावनाकडे पाहिलं. खोटं तर मी फोनवर बोललेच होते, आणि खोटं माप माझ्या टाळूवरून सव्वाअकराचं अठरा झालं होतं. आता आणखी एक खोटं डोक्यावर ठेवायला जागा नव्हती. "नको," मी म्हणाले. "फुलं लाव. जेवढी बसतील तेवढी."

शेवटी सुरेखाने ती सगळी फुलांची वेणी सव्वाअकरा इंचांवर बांधली. उरलेली मागे लोंबत होती, आत केसाचं नाव नाही. माझी पाठ आता लग्नाच्या मांडवासारखी दिसत होती. "डोकं हलवू नका," ती म्हणाली. "पिना धरत नाहीयेत बाई, केस फार बुळबुळीत आहेत. काय लावलंत एवढं?"

हॉलमध्ये माझ्या मुली होत्या. मुली म्हणजे आज्या झालेल्या दोघी आणि बाकी त्यांच्या वाटेवर. मला बघताच त्या सगळ्या उभ्या राहिल्या. ओळखलं. मग एकेक बोलायला उठली. पहिली म्हणाली, बाई आमच्या वहीचा समास पट्टीने मोजायच्या. दुसरी म्हणाली, अजून मी किराण्याची यादी लिहिते तर डावीकडे समास सोडते. तिसरी म्हणाली, आम्ही बाईंना मागे 'फूटपट्टी' म्हणायचो, आज सांगायला हरकत नाही. सगळा हॉल हसला. सात जणी बोलल्या. पट्टी सातही जणींना आठवत होती. वेणीचं नाव एकीनेही काढलं नाही.

मी बाजूला उभ्या सुरेखाला हळूच विचारलं, "वेणी कोणालाच आठवत नाही?"

"मीच एकटी बघायचे बाई," ती म्हणाली. "म्हणून तर इंग्रजीत नापास झाले."

मग मला बोलायला बोलावलं. मी उठले, माइकसमोर उभी राहिले आणि मुलींना नमस्कार करायला मान जराशी लववली. तेवढं पुरलं. चार महिन्यांच्या उत्तम तेलावरून ती फुलांची वेणी, पिनांसकट, एखादी बोट धक्क्यावरून पाण्यात सोडावी तशी निघाली आणि माझ्या पायांशी येऊन पडली. पहिल्या रांगेतल्या मुली एकदम श्वास रोखून बसल्या. मागे मात्र एक थंड झुळूक लागली, आणि फार हलकं वाटलं.

मी ती उचलली. हातात अठ्ठावीस इंच अबोली आणि शेवंती. आजोबा पहिल्या रांगेच्या टोकाला बसले होते, मान खाली घालून, खोटं माप सापडलेल्या माणसासारखे. माझं भाषण कागदावर होतं, विषय होता 'शिस्त'. मी कागद घडी करून ठेवला.

"अहो, वर या," मी माइकवरून म्हणाले.

ते आले. मी फुलांची दोन्ही टोकं गाठ मारून जोडली आणि तो हार त्यांच्या गळ्यात घातला. मुलींना काय चाललंय ते कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या वर्गात कळलं नाही तरी टाळ्या वाजवायची सवय होती.

"हे कशाबद्दल?" त्यांनी पुटपुटत विचारलं.

"सगळ्या नोकरीत एकदाही चुकीचं माप न देता, निवृत्तीनंतर दिल्याबद्दल."

घरी येताना रिक्षात फुलांचा वास भरून राहिला होता. हार त्यांच्या गळ्यातच होता. चारोटीच्या चहावाल्याने तो पाहिला, आमच्याकडे पाहिलं आणि आम्हाला चहाबरोबर बिस्किटं दिली. त्याला काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही.

मेधाला मी खरं कळवलं आहे. डावी आणि उजवी, दोन्ही तेलं सारखीच नापास. रिबिनी काढून टाकल्यात. कोकिलाबेनच्या शेठना तेल लावायचं बंद करायला सांगितलं, पण ते ऐकत नाहीत, झोप छान लागते म्हणतात. जानकीला सगळं सांगितलं तेव्हा ती पाटी खाली ठेवून हसली. "बाय, मी बोलली होती, गुडघ्याला लाव." आता गुडघ्याला लावते. बरं आहे.

रजिस्टर बंद केलेलं नाही. रविवारी सकाळी आठला खुर्ची व्हरांड्यात येते, चिकूच्या झाडांकडे तोंड करून. कोमट तेल, तिरपं ऊन, आणि मागे टेपचा आवाज. काल एकोणीस भरली. इशा, या वेगाने तुझ्या लग्नापर्यंत ती पुन्हा गुडघ्याला लागेल. फुलांची ऑर्डर देताना माप तेवढं सुरेखाकडून घे.

मी मात्र डोळे मिटून, हल्ली मान जरा खाली घालूनच बसते. टेप टाळूपर्यंत न्यायला त्यांना हात फार उंच करावा लागू नये म्हणून.